म्हशीखालचा कागद

मनवेलपाड्याच्या रस्त्यावरच्या त्या बँकेच्या शाखेत कचऱ्याचा हिशेब ठेवण्याचं काम जागृतीकडे होतं. तिने ते मागितलं नव्हतं. प्रत्येक शाखेने दर महिन्याला आपला कचरा किती आणि त्यातला पुन्हा वापरात किती गेला, हे कळवावं, असं वरून ठरलं. शाखेत सर्वांत कमी बोलणारी तीच, म्हणून ते काम तिच्या गळ्यात पडलं.

यंत्रातून कातरून निघालेला कागद कुठे द्यायचा, हा प्रश्न तिने घरच्या घरी सोडवला. खाडीकाठच्या गावात तिची आत्या पुतळाबाई एकटी राहत होती आणि दारात तिची एक म्हैस होती. पावसाळ्यात म्हशीला कोरडं बसता यावं म्हणून खाली पेंढा अंथरतात. पण गावची भातशेती भराव पडून इमारतींखाली गेली, तेव्हापासून पेंढा वाडा तालुक्यातून टेम्पोने येई आणि आत्याला तो परवडत नसे. जागृती कागदाच्या पट्ट्या पोत्यांत भरून नेऊ लागली. ओल्या झाल्या की त्या शेणाबरोबर उकिरड्यात जात आणि त्याचं खत होई. आत्या खूश होती आणि शाखेचे आकडेही सुधारले.

जुनी एटीएम कार्डं आणि पासबुकांची प्लास्टिकची वेष्टणं मात्र वेगळ्या पिशव्यांत पडून राहत. ती न्यायला येणारी गाडी कधी यायची, कधी नाही, आणि जे गेलं नाही ते अहवालात तसंच उरलेलं दिसायचं. जूनअखेरच्या बैठकीत विभागाचे मितेश सर पडद्यावरून सगळ्या शाखांसमोर म्हणाले, “जागृती मॅडम, तुमचा कचरा तुमच्यावरच गेलाय. जागचा हलत नाही.” सगळे हसले. तीही हसली. त्या आठवड्यात तिने कार्डं आणि वेष्टणं कागदाबरोबरच यंत्रात घातली. खाली अंथरायलाच तर जातंय, असं तिला वाटलं.

लहानपणी त्याच गोठ्यात वावरलेली ती एवढंच विसरली, की तिथे अंथरूण आणि वैरण या दोन वस्तू कधी वेगळ्या नव्हत्या. पेंढा खाली टाकायचा, म्हशीने त्यातला हवा तेवढा खायचा, उरला त्यावर बसायचं. म्हैस खाली तोंड घालते म्हणून त्या घरात कुणी तिला कधी हटकलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये म्हशीने रवंथ सोडला. पोट डाव्या बाजूने फुगलं. गुरांचे डॉक्टर रिचर्ड आले, त्यांनी पोटावर हात दाबून पाहिलं. म्हैस सात महिन्यांची गाभण होती. पोट उघडायला ते कचरत होते. बाहेर चरताना प्लास्टिक खाल्लं असेल का, असं त्यांनी दोनदा विचारलं. आत्याने शपथ घेऊन सांगितलं, की पावसाळाभर ती दाराबाहेर गेलेली नाही.

“पानी पेते ना डॉक्टर,” ती म्हणाली. “पानी पेते म्हनजे उठेल.”

जागृती दावं धरून उभी होती. त्या क्षणी तिने सांगितलं असतं तर डॉक्टरांनी त्याच दिवशी पोट उघडलं असतं आणि कदाचित म्हैस वाचली असती. कदाचित नसतीही. डॉक्टरांनी औषध पाजलं आणि ते गेले. दोन दिवसांनी म्हैस मेली, पोटातल्या रेडकासकट. शिळी पेंड घातल्याने असं झालं, असं मानून आत्या स्वतःलाच बोल लावत राहिली.

मग मितेश सरांचा फोन आला. कचरा पुन्हा वापरात आणण्यात शाखा विभागात पहिली आली होती आणि गोठ्याचे फोटो हवे होते. म्हैस मेल्याचं तिने सांगितलं, तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटलं. नंतर त्यांनी विचारलं, की दुसरी एखादी मिळेल का. आत्या नाही म्हणेल या आशेने जागृतीने तिला विचारलं. आत्याने शेजारच्या श्रीपतची म्हैस मागून आणली. पोरीच्या नोकरीचं काम आहे, म्हणाली, आणि उरलेलं पोतं तिने स्वतःच्या हाताने गोठ्यात पसरलं.

मितेश सर फोटो काढणाऱ्याला घेऊन स्वतः आले. त्याने आत्याला म्हशीजवळ उभं केलं. पदर नीट घ्यायला सांगितलं. म्हशीने मान खाली घातली आणि ती पट्ट्या चघळू लागली. छान आहे, असंच राहू द्या, असं तो म्हणाला.

जागृती मध्ये गेली आणि तिने म्हशीचं तोंड वर ओढलं.

“हे गुरांखाली घालू नका,” ती म्हणाली. “यात कार्डं आहेत, प्लास्टिक आहे. मीच घातलंय. आत्याची म्हैस यानेच मेली.”

मितेश सरांनी फोटोवाल्याकडे पाहिलं. पोत्यांचे फोटो चालतील, असं ते हळूच म्हणाले आणि त्याला घेऊन अंगणात गेले.

आत्या जागृतीकडे वळली.

“डॉक्टर आला, तवा तुला म्हाईत व्हता?”

“हो.”

आत्याने म्हशीच्या तोंडात बोटं घालून चिकटलेल्या पट्ट्या काढल्या. मग दावं सोडून ती म्हैस श्रीपतकडे पोचवून आली. परत आल्यावर खराटा घेऊन गोठा झाडू लागली. जागृती वाकून पट्ट्या गोळा करायला लागली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

“तू जा,” आत्या तिच्याकडे न बघता म्हणाली. “तुझी मानसा थांबलीत.”