टर्मिनलशेजारची उपडी नाव

माझ्या बाहेरच्या अंगाला, काठापासून बरोबर दहा बोटं अंतरावर, एक पांढरी रेघ आहे. तिची रुंदी अर्ध्या बोटाची. रंग बऱ्याच ठिकाणी उडाला आहे, तरी पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत ती सलग ओळखता येते. एके काळी ही रेघ काठाच्या खाली दहा बोटं होती. आता ती जमिनीच्या वर दहा बोटं आहे, कारण मी उपडी पडले आहे. काळ्या मुंग्या तिच्यावरून एका रांगेत ये-जा करतात.

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी नाव आहे. यवतमाळ जिल्ह्यात समुद्र नाही, त्यामुळे इथे नावेला काय काम, असं तुम्हाला वाटेल. पण बाभुळगावच्या पुढे एक धरण आहे. धरणाच्या अलीकडे पिंपळडोह आणि पलीकडे टाकळडोह अशी दोन गावं आहेत. एका गावातून दुसऱ्या गावाला रस्त्याने जायचं तर वळसा एकतीस किलोमीटरचा. पाण्यावरून सव्वादोन. त्या सव्वादोन किलोमीटरसाठी माझा जन्म झाला.

मला घाटंजीच्या बाबाराव सुतारांनी घडवलं. फळ्यांमधल्या फटींत त्यांनी कापसाच्या वाती ठोकून बसवल्या आणि वरून गरम डांबर ओतलं. मग मला तळ्यात सोडून त्यांनी माझ्यात एक एक पोतं ठेवायला सुरुवात केली. दर शंभर किलोला मी एक बोटभर खाली जात होते. साधारण चौदा माणसांचं वजन भरलं, तेव्हा पाणी जिथे टेकलं तिथे त्यांनी खूण केली आणि वर काढून ही पांढरी रेघ मारली.

मला विकत घेणारा उकंडा शेजारीच उभा होता. बाबाराव त्याला म्हणाले, "हे रेघ पान्याखाली गेली, तं मंग तिले नाव म्हनू नको. टोपलं म्हन."

उकंडा हसला. तो तेव्हा तिशीतला होता. त्याआधी सात-आठ वर्षं तो बाभुळगावच्या बाजारात कापसाच्या काट्यावर हमाल होता. काट्यावर कापूस तोलताना पोत्याचं वजन धरत नाहीत. त्या रिकाम्या पोत्याला बारदान म्हणतात. एकूण वजन झालं की काटेवाला मोठ्याने म्हणतो, "बारदान वजा!" आणि उरतो तो माल. उकंडाच्या कानात हा शब्द इतका मुरला होता की नाव चालवायला लागल्यावरही तो सुटला नाही. माणसं चढताना तो डोकी मोजायचा. कुणाच्या हातात पिशवी असो, डोक्यावर दळण असो, तो म्हणायचा, "मानूस माल, बाकी बारदान. या बसा!" सगळे हसायचे. मीही मनातल्या मनात हसायचे, कारण पिशव्या लहान असायच्या आणि रेघ पाण्याच्या वर राहायची.

ते दिवस चांगले होते. शाळेची मुलं, बाळंतपणाला माहेरी निघालेल्या लेकी, दवाखान्यातून परत येणारे म्हातारे, सगळे माझ्यात बसले. दर उन्हाळ्यात उकंडा मला बाहेर काढून जवसाचं तेल पाजायचा. त्याची बायको प्रभावती म्हणायची, "मले डोस्क्याले तेल नाई मिळत, अन् नावीले पाहा!" तो म्हणायचा, "तू बुडत नाईस ना." पिंपळडोहचे विठ्ठलराव कुणालाही टोमणा मारल्याशिवाय सोडायचे नाहीत, पण माझं कौतुक करायचे. "उकंडाची नाव म्हंजे आपली बोईंग," असं ते पाहुण्यांना सांगत. बोईंग काय असतं ते मला माहीत नव्हतं, तरी मी पाण्यावर जरा ताठ चालायचे.

चार वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातला तो बाजारचा दिवस. पेरणी तोंडावर आली होती. टाकळडोहची माणसं सोयाबीनचं बियाणं घेऊन परत निघाली होती. पिंपळडोहच्या विमलताई पलीकडे दिलेल्या लेकीकडे, वैष्णवीकडे, चालल्या होत्या. विठ्ठलरावही काही कामाने निघाले होते. उकंडाने मोजलं. डोकी चौदा. बियाण्याच्या बॅगा सतरा, प्रत्येकी तीस किलोची. त्या त्याने मोजल्या नाहीत.

विठ्ठलराव म्हणाले, "उकंडा, आज नाव दबून राह्यली बे."

"चौदाच डोस्के हायेत, विठ्ठलराव. बॅगा तं बारदान. वजा करा!"

सगळे हसले. मित्रांनो, पाचशे दहा किलो म्हणजे पाच बोटं. पांढरी रेघ पाण्याखाली पाच बोटं गेली होती आणि काठ पाण्याच्या वर फक्त पाच बोटं उरला होता. मला बोलता येत नाही. मी फक्त खाली जाऊ शकते, आणि तेवढं मी केलं होतं.

मधल्या पाण्यात थोडा वारा आला. अशा वाऱ्यात मी शेकडो वेळा गेले आहे. पण त्या दिवशी पहिली लाट काठावरून आत आली. बायका ओरडून एका बाजूला सरकल्या, मी कलले, आणि दुसऱ्या लाटेला आत यायला वाट मोकळी झाली. उकंडाने जीव खाऊन वल्ही मारली. टाकळडोहचा काठ जवळ आला होता, पाणी गळ्याइतकं होतं, म्हणून सगळे वाचले. विमलताईंचा पाय मात्र चिखलात अडकला आणि त्या पाण्याखाली गेल्या. उकंडाने त्यांना केसांना धरून वर ओढलं. नऊ दिवस त्या यवतमाळच्या दवाखान्यात होत्या. बियाणं बुडालं. पंधरा दिवसांनी काठच्या चिखलात सोयाबीनची रोपं उगवली होती, कुणीही न पेरलेली.

लोकांनी विचारलं, "कसं झालं रे?"

उकंडा म्हणाला, "वारा आला."

वारा आला होता, हे खरंच होतं. त्यामुळे कुणी पुढे विचारलं नाही. पंचनाम्यातही वाराच लिहिला गेला. विठ्ठलराव एकदा उकंडाच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिले, पण तेही काही बोलले नाहीत. त्यांच्या मते आधीच खचलेल्या माणसाला आणखी काय खचवायचं.

त्यानंतर उकंडाने मला पिंपळडोहला परत आणलं, काठावर ओढलं आणि उपडी केलं. मी तेव्हापासून इथे आहे. पहिल्या उन्हाळ्यात डांबर तडकलं. दुसऱ्या उन्हाळ्यात वाती सुटल्या. आत, म्हणजे आता माझ्याखाली, अंधार असतो आणि एक बेडूक असतो. पाऊस पडला की माझ्यावर आवाज होतो, एवढाच माझा आणि पाण्याचा संबंध. रोज दुपारी उकंडा येतो, माझ्या पाठीवर बसतो आणि पाण्याकडे पाहतो. तो माझ्याशी बोलत नाही. आम्हा दोघांनाच पक्की माहीत असलेली एक गोष्ट आमच्यामध्ये आहे, आणि एखादी गोष्ट दोघांनाच माहीत असली की दोघंही एकटे पडतात, हे मी या चार वर्षांत शिकले.

गेल्या हिवाळ्यात माझ्यापासून साठ पावलांवर नवीन टर्मिनल उघडलं. मोठ्या अक्षरांत पाटी आहे: क्रूझ व जलप्रवासी टर्मिनल. एक पाहुणा म्हणाला, "वा, यवतमाळले बंदर आलं!"

विठ्ठलराव लगेच म्हणाले, "आदी का कमी बंदरं होते आमच्या तुरीत? आता सरकारी बी आलं!"

मला टर्मिनलचा राग नाही. खरं तेच सांगते. माझ्या काळात उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की माणसांना गुडघाभर चिखलातून माझ्यापर्यंत यावं लागायचं. म्हाताऱ्यांना पाठीवर आणावं लागायचं. टर्मिनलचा धक्का पाण्यावर तरंगतो. पाणी चढलं की तो चढतो, उतरलं की उतरतो, आणि त्याच्याकडे जाणारा उतार इतका सपाट आहे की चाकाची खुर्चीही नेता येते. वर छप्पर आहे, बसायला बाक आहेत, प्यायला पाणी आहे, बायकांसाठी नळ असलेलं स्वच्छतागृह आहे. टाकळडोहला जाणारी लाँच केव्हा सुटेल ते फळ्यावर लिहिलेलं असतं. रविवारी यवतमाळची माणसं दोन मजली बोटीत बसून फिरायला येतात, तिला सगळे 'कुरूज' म्हणतात. प्रत्येकाला नारिंगी जाकीट घालायला देतात. आणि दारातच एक काटा आहे. माणूस सामानासकट त्यावर उभा राहतो, आकडा दिसतो, आणि तिकिटाच्या खिडकीतली साधना तो वहीत लिहून घेते. आकडा भरला की साखळी लावते. मग तहसीलदार आला तरी पुढच्या फेरीला.

हा काटा पाहिला तेव्हा मला वाटलं, माझी पांढरी रेघ कुणीतरी वर उचलून दारात ठेवली आहे.

गावात मात्र वेगळंच बोलतात. "टर्मिनलनं उकंडाच्या पोटावर पाय देला," असं म्हणतात. उकंडा ते ऐकतो आणि मान खाली घालतो. टर्मिनल येण्याआधी तीन वर्षं मी उपडी होते, हे लोक विसरले. त्याने आठवण करून दिली नाही.

तेवढ्यावर राहिलं असतं, तरी मी म्हटलं असतं, असू दे. पण विमलताईंचं काय? त्या दर महिन्याला काठावर येतात. लेकीसाठी भरलेली पिशवी साधनाच्या हाती देतात, साधना ती लाँचवर चढवते. वैष्णवी वर्षातून एक-दोनदा वळसा घालून येऊन जाते. विमलताईंच्या गुडघ्यांना एसटीचा तो वळसा झेपत नाही, आणि लाँचमध्ये त्या बसत नाहीत. दोन वर्षांच्या नातीला त्यांनी दोनदाच मांडीवर घेतलं आहे. लेकीचं नवं घर त्यांनी पाहिलेलंच नाही. साधना दर वेळी म्हणते, "काकू, जाकीट हाय, काटा हाय, काई होत नाई." आणि त्या दर वेळी म्हणतात, "तुया काट्यानं वारा मोजता येते का वं? वारा कोनाच्या हातात हाय?"

मित्रांनो, लाकडाची फट वेळीच बुजवली तर दोन पैशांच्या कापसात काम होतं. नाही बुजवली तर फळी जाते. मला तेल लावलं नाही म्हणून माझी तक्रार नाही. जुनी नाव एक दिवस सरपणात जायचीच. पण आपल्या हातून काही चुकलं, तर ते वाऱ्याच्या नावावर लिहू नका. वाऱ्याला त्याने काही होत नाही. कुणीतरी काठावर मात्र अडकून राहतं.

परवा दुपारी विमलताई नेहमीप्रमाणे आल्या. पिशवी जड होती, कुरड्या, मुगाच्या वड्या आणि नातीसाठी गोधडी. त्या माझ्या पाठीवर टेकल्या. उकंडा दुसऱ्या टोकाला बसला होता.

"काय उकंडाभाऊ, बरं हाय ना?"

"हाय."

"प्रभावती म्हने, तू जेवत नाईस बराबर."

"तिले कामच काय हाय दुसरं."

साधना पिशवी न्यायला खाली आली. आज तिच्या हातात टांगायचा लहान काटा होता. तिने पिशवी तिथेच उचलून पाहिली. "साडेअकरा किलो, काकू."

"साडेअकरा कशी होईन वं? घरी तोलली तं साडेधा भरली."

"कशी तोलली?"

"पोतडी वजा करून. बारदान कोनी धरते का? कापसाच्या गावात राहून तुले एवढं समजत नाई?"

साधना हसली. "काकू, तुमाले बारदान समजते, मले समजते. पान्याले समजत नाई. त्याच्यासाठी सगळा मालच."

माझ्या पाठीवर उकंडाचं वजन जरासं हललं. तो उठून उभा राहिला होता. धक्क्यावर लाँचचा भोंगा वाजला.

"विमलताई," तो म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. "त्या दिवशी वाऱ्यानं नाई झालं."

"काय म्हनून राह्यला?"

"वारा रोजचाच होता. नावीत सतरा बॅगा होत्या बियान्याच्या. मी मोजल्याच नाई. बारदान म्हनून सोडून देल्या. विठ्ठलरावनं टोकलं बी होतं मले, मी हसन्यावारी नेलं." तो थांबला. "चूक माई होती. चार सालं मी वाऱ्याचं नाव सांगून राह्यलो."

साधनाच्या हातातला काटा तसाच लोंबकळत राहिला. विमलताई पाण्याकडे पाहत होत्या. पाण्यावर वारा होता, थोडासा, नेहमीसारखा.

"चार सालं," त्या हळू म्हणाल्या. "चार सालं मी वाऱ्याले भेऊन घरी बसली, उकंडा. मायी नात चालाले लागली."

"माईत हाय."

"माईत होतं अन् गप होता."

"हो."

मला वाटलं, त्या आता उठून घरी जातील आणि पुन्हा कधीच या काठावर येणार नाहीत. त्या उठल्या. पदर खोचला. साधनाच्या हातातली पिशवी त्यांनी काढून घेतली.

"साधना, माई पिशवी कोनाच्या हाती देऊ नको," त्या म्हणाल्या. "मले त्या काट्यावर उभी कर. मी सोता जाईन पोरीकडं. अन् हा उकंडा येईन माह्यासंगं."