दोन मिनिटांची भिंत

माझं अल्टरेशनचं दुकान आहे. दिवसभरात वीस-पंचवीस माणसांच्या खांद्यांना, कमरेला, मनगटाला माझा हात लागतो. मला मात्र कुणाचा हात लागत नाही. नवरा गेला त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून केस कापणारी सोडली तर कुणाचाच नाही. हे बोलून दाखवायची सोय नसते. मुलगा दुसऱ्या शहरात असतो. दर रविवारी फोनवर विचारतो, "आई, तुला काही हवंय का?" आता बावन्न वर्षांच्या बाईने यावर काय सांगावं? मी म्हणते, काही नको रे बाबा.

अशात एक बस चालवणारी बाई दुकानात आली. तिच्या टीमसाठी जर्सी शिवायच्या होत्या. खेळाचं नाव रोलर डर्बी, पायात चाकांचे बूट घालून खेळायचा. मी म्हटलं, मापं घ्यायला येते. शनिवारी दुपारी त्यांच्या हॉलवर गेले आणि टेप गळ्यात तसाच राहिला. चार मुली एकमेकींना चिकटून भिंतीसारख्या उभ्या होत्या, खांद्याला खांदा, कमरेला कंबर. समोरच्या टीमची एकजण हेल्मेटवर चांदणीचं कापड चढवून त्यांच्यावर धडकत होती. भिंत फोडून पलीकडे जायचं, एवढाच खेळ. एक डाव दोन मिनिटांचा. शिट्टी वाजली की सगळ्या हसत सुटत होत्या, घामाने निथळत.

"मला घ्याल का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ड्रायव्हरबाई हसल्या नाहीत. "पडता येतं?"

"ते काय शिकावं लागतं?"

"न शिकता पडणाऱ्यांचीच हाडं मोडतात," त्या म्हणाल्या.

दोन महिने मी फक्त पडले. गुडघ्यांवर पडायचं, अंग चोरून, मुठी आवळून, म्हणजे मागून येणारीचं चाक बोटांवरून जात नाही. माझी बोटं म्हणजे माझं पोट, त्यामुळे ते मला पहिल्याच दिवशी जमलं. बाकी काही जमलं नाही. शेजारीण म्हणाली, या वयात हे काय खूळ? म्हटलं, तुझ्या वयाची होईन तेव्हा सांगेन. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे.

पण नियम असा, की परीक्षा पास होईपर्यंत नवख्या बाईला कुणी धक्काही मारायचा नाही, भिंतीतही घ्यायचं नाही. परीक्षा म्हणजे पाच मिनिटांत सत्तावीस फेऱ्या. म्हणजे ज्यासाठी जीव टाकत होते तेच ताटाबाहेर. पहिल्यांदा माझ्या एकोणीस झाल्या, मग तेवीस. चौथ्या महिन्यात सत्तावीस झाल्या आणि मुलींनी "मावशी! मावशी!" करत हॉल डोक्यावर घेतला. लांबूनच. नियम तो नियम.

त्या आठवड्यात मी माझी जर्सी शिवली. मापं घ्यायची काय गरज? सहा वर्षांपूर्वीचं माझं कागदी कटिंग होतंच. घालून आरशासमोर उभी राहिले तर कमरेची शिवण खाली घसरलेली, पुढचा घेर लोंबतोय, मागचा वर चढलेला. असे घेर मी खूप पाहिलेत, वयस्कर गिऱ्हाइकांचे. मीच त्यांना समजावते, आजी, कापड वाढत नसतं, माणूस आटतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! मी टेप काढून स्वतःची उंची मोजली. दीड इंच कमी.

हाडांची तपासणी करून आले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. डॉक्टर म्हणाले, पाठीचे मणके ठिसूळ झालेत, एखादा तर आधीच थोडा दबलाय. जपा, धक्का लागू देऊ नका.

धक्का लागू देऊ नका! मला इतकं हसू आलं की डॉक्टर घाबरले. बाहेर येऊन जिन्यात बसून मी रडले.

रिपोर्ट मी पिशवीत तळाशी ठेवला आणि शनिवारी हॉलवर गेले. सांगायचं नव्हतं तर बरोबर कशाला नेला, ते मला विचारू नका.

मला भिंतीत घेतलं. उजवीकडे दातांच्या दवाखान्यात काम करणारी, डावीकडे दोन मुलांची आई, मागे एक शिक्षिका. आधी नुसतं एकमेकींवर रेलायचा सराव होता. शिक्षिकेचा खांदा माझ्या पाठीला टेकला. तिचा श्वास वरखाली होत होता तो मला कळत होता. किती ऊब असते माणसाला! मी विसरूनच गेले होते. डोळे वाहायला लागले, पण घामात कोण बघतंय.

"आता तोफ येईल," ड्रायव्हरबाई ओरडल्या.

तोफ म्हणजे आमची सगळ्यात वेगवान पोरगी, एकोणीस वर्षांची. चांगल्या जीन्स आणून माझ्याकडून गुडघ्यावर फाडून घेते. तिने चांदणी चढवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, घाबरू नका हं. मी हळूच येते."

तिथेच माझं अवसान गेलं.

माझ्या नवऱ्यालाही रिपोर्ट मिळाला होता. छातीचा. तो गेल्यावर मला त्याच्या कोटात सापडला, मीच शिवून दिलेल्या आतल्या खिशात. चार महिने जुना. मला काळजी नको म्हणून लपवला असणार. आणि त्या चार महिन्यांत मी त्याला कापडाचे गठ्ठे वर चढवायला लावले होते. एकदा तर म्हटलं होतं, काय म्हाताऱ्यासारखा धापा टाकतोस! तीन वर्षं मी त्याच्यावर चिडलेली आहे. ते वाक्य त्याने माझ्या गळ्यात बांधून ठेवलं आणि निघून गेला. उद्या माझी पाठ मोडली तर ही पोर जन्मभर म्हणत बसेल, मी तर हळूच आले होते.

मी हात वर केला. चाकांवर घसरत बाकापर्यंत गेले आणि रिपोर्ट आणून ड्रायव्हरबाईंच्या हातात दिला.

त्यांनी तो दोनदा वाचला. "धडका नाहीत," त्या म्हणाल्या. "आज नाही, पुढेही नाही."

"माहीत आहे."

"पंच व्हा. बाहेरून शिट्टी वाजवा. आम्हाला पंच हवेच आहेत."

"बाहेरून माझं सगळं चालूच आहे, बाई," मी म्हणाले. "एक डाव मला भिंतीत उभं राहू द्या. समोरून कुणी यायचं नाही. नुसतं उभं."

तोफेने चांदणी काढली आणि हॉलच्या भिंतीला पाठ लावून खाली बसली. तिघी परत आल्या. मी मधे शिरले. खांदे लागले, कमरा लागल्या, मागून शिक्षिका टेकली, पहिल्यापेक्षा बेताने. मी म्हटलं, "नीट टेक गं." ती नीट टेकली.

ड्रायव्हरबाईंनी घड्याळ लावलं. आम्ही गुडघे वाकवून, समोर नजर लावून उभ्या राहिलो, जणू कुणी येणारच आहे. हॉलमध्ये पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. दातवालीने माझ्या हाताला हात टेकवून ठेवला होता. शिक्षिकेचा श्वास मोजत होते, पण तिसापुढे मोजणं सोडून दिलं.

ड्रायव्हरबाईंची बस आजवर कधी एक मिनिटही उशिरा सुटलेली नाही. शिट्टी वेळेवर वाजली.