सात नंबरचे मोठे गुरुजी

आमच्या कॉलेजात टेबलावरच्या माणसाला कुणी प्रेत म्हटलं की मी झाडू उगारते. म्हणायचं ‘मोठे गुरुजी’. मुलं सुरी लावण्याआधी हात जोडतात, काम संपल्यावर पुन्हा जोडतात. परीक्षा आली की जाईचे हार घेऊन येतात, तेव्हा भक्तीला नुसता ऊत येतो. मेल्यावर आपलं शरीर शिकायला देणारा माणूस गुरुजी नाही तर कोण? या हॉलमध्ये मी एकतीस वर्षं काम करते. माझं नाव बुआलाय. मुलं मला तोंडावर मावशी म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

माझं मुख्य काम बादल्यांचं. प्रत्येक टेबलाखाली झाकणाची लाल बादली असते. त्या टेबलावर जे जे कापलं जाईल, कातडीचा पापुद्रा असो की चरबीचा कण, ते त्याच बादलीत जायला हवं. वर्षाअखेरीस मुलं एकेक अवयव जागच्या जागी ठेवतात, बादलीतलं सगळं पायाशी ठेवतात, पांढऱ्या कापडात गुंडाळतात आणि देवळात अग्नी देतात. जो अर्धवट जातो त्याला वाट सापडत नाही, आणि सापडली तरी पुढच्या जन्मी तो अर्धवटच येतो. आमच्याकडे हे सगळे मानतात. डॉक्टरसुद्धा याला हसत नाहीत.

गेल्या वर्षी सात नंबरच्या टेबलावर माझा नवरा होता.

खंपुन बाजारात तीन चाकी सायकल ओढायचा. शाळा चौथीत सोडलेली. देहदानाचा फॉर्म त्यानेच माझ्याकडून मागून घेतला. अंगठा उमटवला आणि दिवसभर एकटाच हसत बसला.

‘‘चौथीतून पळालेला माणूस आणि डॉक्टरांचा मोठा गुरुजी! आमचे मास्तर असते तर छडी टाकून पाया पडले असते.’’

‘‘आधी मर तरी,’’ मी म्हटलं.

‘‘मरतो की. तू फक्त एक कर. मला अख्खा पाठव. बोटबीट मागे राहिलं तर पुढच्या जन्मी घंटी कशाने वाजवू?’’

‘‘तुझ्यासारखा आळशी नाकानेही वाजवेल.’’

‘‘बुआलाय, शपथ घे.’’ तेव्हा तो हसत नव्हता. मी शपथ घेतली.

दीड वर्षाने सायकलवरच त्याचं हृदय थांबलं. कर्मचाऱ्याच्या घरचा देह शक्यतो दुसऱ्या कॉलेजात पाठवतात. मी विभागप्रमुख डॉक्टर वितून यांच्या पायाशी बसले. म्हटलं, तिथल्या बादल्यांवर कोण लक्ष ठेवणार? ते म्हणाले, ‘‘ठीक आहे. पण तुम्ही सात नंबरच्या टेबलाजवळ जायचं नाही. आणि मुलांना कळता कामा नये.’’

त्याचं डोकं मात्र मीच भादरलं. देह आला की पहिलं काम तेच असतं, आणि केसही बादलीतच जातात. सगळे टाकले. चिमूटभर तेवढे बामच्या रिकाम्या डबीत ठेवले. कापडात गुंडाळायच्या दिवशी टाकू, असं मनाशी म्हटलं. डबी घरी उशीखाली ठेवली.

वर्ष सुरू झालं की डॉक्टर वितून दरवर्षी एकच भाषण करतात. मला ते तोंडपाठ आहे. पेशी पेशी मिळून ऊती होते, ऊतींचा अवयव होतो, अवयवांची संस्था होते, आणि पचनसंस्था, श्वसनसंस्था, रक्ताभिसरण अशा सगळ्या संस्था एका कामाला लागल्या की त्याला माणूस म्हणतात. तीस वर्षं मी ते ऐकत फरशी पुसली. त्या दिवशी मात्र फडकं हातातच राहिलं. यातल्या कुठल्या पायरीवर खंपुन सुरू होतो, हे विचारावंसं वाटलं. पण झाडूवालीने मध्येच हात वर करायची पद्धत नाही.

मुलं उलट्या दिशेने निघाली. आधी कातडी, मग स्नायू, मग आत. मी लांबून सहा आणि आठ नंबरखाली झाडायची, आणि सगळे गेले की सातच्या बादलीचं झाकण नीट बसलंय का एवढं बघायची. वर बघायची नाही.

आणि मग सुरू झाली स्वप्नं. मोठे गुरुजी मुलांच्या स्वप्नात येतात, हे काही नवं नाही. पण सात नंबरचे फारच यायला लागले. एका मुलाला म्हणे हाताला धरून दाखवलं, हा मज्जातंतू इथून खाली जातो बघ. ज्याला स्वतःच्या चपला सापडायच्या नाहीत तो! दुसऱ्याला म्हणाले, जेवलास का रे. मुलं डबा खाताना हे एकमेकांना सांगत आणि मी भिंतीकडे तोंड करून बादल्या धूत असे. माझा जळफळाट होई. अडतीस वर्षं माझ्या हातचं जेवला आणि माझ्या स्वप्नात एकदासुद्धा आला नाही.

गुंडाळायच्या आदल्या दिवशी दुपारी सात नंबरची खिम माझ्या मागे येऊन उभी राहिली. बारीक, चष्मेवाली पोर. वर्गात पहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

‘‘मावशी, मोठे गुरुजी मला झोपू देत नाहीत.’’

‘‘गुरुजीच ते. अभ्यास विचारत असतील.’’

‘‘काही विचारत नाहीत. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहतात आणि हात पसरतात. असा.’’ तिने तळहात पुढे केला. ‘‘काहीतरी परत मागितल्यासारखा. मावशी, मी... मी थोडंसं घेतलंय.’’

तिने खिशातून कागदाची पुडी काढली. आत काचेची पट्टी होती, आणि काचेवर गुलाबी डाग.

‘‘हृदयाचं आहे. त्यांच्या हृदयाची भिंत किती जाड होती! मला आतून बघायचं होतं. मटारएवढा तुकडा घेतला, सगळा यंत्रावर कापून संपला. बाकीचे काप बादलीत टाकले, शप्पथ. ही एकच ठेवली. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ आहे हो.’’

मी तिच्यावर अशी बरसले की चार नंबरवरची मुलं बाहेर पळाली. ‘‘पातळ आहे? त्या माणसाने अख्खा देह हवाली केला आणि तू त्याच्या हृदयावर डल्ला मारतेस? त्याच्या घरच्यांनी शपथ घेतली असेल, त्याला पुरा पाठवू म्हणून! त्यांनी काय तोंड दाखवायचं?’’

ती हुंदके द्यायला लागली. मला माझ्या उशीखालची डबी आठवली.

‘‘बघू तरी काय आहे,’’ मी म्हटलं.

एकतीस वर्षांत मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नव्हता, फक्त त्याच्यावरची धूळ पुसली होती. खिमने पट्टी बसवली, चक्र फिरवलं. आधी धुकं दिसलं. मग चटईच्या विणीसारख्या रेघा, एकमेकींत फाटे घालून घट्ट बसलेल्या. मधेमधे जांभळे ठिपके.

‘‘ही एकेक पेशी,’’ खिम नाक पुसत म्हणाली. ‘‘प्रत्येक पेशी स्वतः धडधडते. सगळ्या मिळून एका तालात. खूप वर्षं खूप मेहनत केली की जाड होतात. कोण असतील हो मोठे गुरुजी?’’

‘‘सायकल ओढायचा,’’ मी म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं. पुढे काही विचारलं नाही, पोर शहाणी आहे. मी डोळा काढला नाही. चढावर तो उतरायचा नाही, गिऱ्हाइकालाही उतरू द्यायचा नाही. सगळं त्या जांभळ्या ठिपक्यांनी केलं होतं. मी तिथेच रडले, सूक्ष्मदर्शकावर.

दुसऱ्या दिवशी खिमने काचेची पट्टी त्याच्या छातीवर, हृदयाच्या जागी ठेवली. कापड गुंडाळलं, पांढरा दोरा बांधला. रात्री तिला गाढ झोप लागली म्हणे.

मी डबी नेलीच नव्हती. घरी राहिली, असं मी स्वतःला सांगितलं.

त्याच दिवशी संध्याकाळी मी चुलीवर भात वाफवत होते. आमचं घर खांबांवर आहे. जिन्याच्या पायथ्याशी पाय धुवायचा रांजण, त्यावर पाणी घ्यायचं करवंटीचं डवलं. खंपुन कामावरून आला की डवलं रांजणाच्या काठावर दोनदा आपटायचा, म्हणजे मी समजायचं की तो आला. डवलं दोनदा वाजलं.

मी खाली पाहिलं. तो पहिल्या पायरीपाशी उभा होता, कामाच्या मळक्या सदऱ्यात. डोकं मी भादरलं होतं तसंच. वर चढला नाही. माझ्याकडे पाहिलं आणि तळहात पुढे केला.

मला भीती वाटायला हवी होती. पण मला नुसतं बरं वाटलं. ‘‘आलास होय रे म्हाताऱ्या?’’ एवढंच म्हटलं. भात करपला तेव्हा भानावर आले. खाली कुणी नव्हतं. डवलं ओलं होतं.

भिंतीवरच्या त्याच्या फोटोकडे बघणं वेगळं आणि हे वेगळं. तो कशासाठी आला होता, हे मला पक्कं कळलं होतं. दिलं की तो जाणार, हेही कळलं होतं.

अग्नी देण्याच्या दिवशी देवळात सकाळपासून गर्दी होती. नातेवाईक, मुलं, मंत्र म्हणणारे भिक्खू. घरच्यांना शेवटचं बघायला पेटीचं झाकण उघडतात. मी नातेवाइकांच्या रांगेत जाऊन उभी राहिले तेव्हा खिमने तोंडावर हात ठेवला, आणि मग माझ्या मागे येऊन माझा दंड धरला. मी डबी उघडली आणि केस त्याच्या डोक्याशी ओतले. डबीत बामचा जुना चिकटपणा होता. एक केस माझ्या अंगठ्याला चिकटून राहिला.

झटकला असता तर पडला असता. मी अंगठा मुठीत दाबला.

धूर वर निघाला तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘‘पोरी, केसात काय असतं?’’

‘‘मेलेल्या पेशी, मावशी. मुळाशी तेवढं जिवंत असतं. कापलेला केस म्हणजे नुसतं कवच.’’

‘‘म्हणजे तो अंगाचा भाग धरायचा नाही?’’

‘‘परीक्षेत धरतात,’’ ती रडता रडता हसली. ‘‘कातडीच्या संस्थेत.’’

त्या संध्याकाळी मी भात चढवला आणि मुद्दाम खिडकीकडे पाठ करून बसले. म्हटलं, एक केस. कोण मोजतंय? ऊन उतरलं, शेजारची कोंबडी खुराड्यात गेली, आणि डवलं रांजणाच्या काठावर दोनदा वाजलं.

तो आता रोज येतो. चढत नाही, बोलत नाही, पहिल्या पायरीपाशी हात पसरून उभा राहतो. मी शपथ मोडली आहे. तो माझ्यामुळे तिथे अडकला आहे, दमला आहे, हे त्याच्या खांद्यांवरून दिसतं, आणि मला माझीच लाज वाटते. तो एक केस ठेवलेली डबी माझ्या कमरेला असते. हात कधी कधी तिच्यापर्यंत जातोही.

‘‘उद्या देते,’’ मी वरूनच सांगते. गेले चार महिने मी हेच सांगते आहे.