माझा आकडा चार

मित्रांनो, मी एक जुना व्होर्टेक्स आहे. नाव भारदस्त, काम एकच: थरथरणं. माझ्या डोक्यावर रबराची वाटी आहे. तिच्यात नळी टेकवली की आतलं द्रावण गरगर फिरतं. प्रयोगशाळेत आलो तेव्हा सगळे मला बघायला जमले होते. आठवड्याने माझ्यावर हातमोज्यांचा खोका ठेवू लागले.

नऊ वर्षं मी ताईंच्या टेबलावर होतो. ताई संशोधक. त्यांना पेशीत नवा जनुक पोचवायचा असे. पेशी मोठी संशयी. उघडा जनुक दारात आला तर आत घेत नाही. म्हणून ताई त्याला पॉलिमरमध्ये गुंडाळत. एकाचा विद्युतभार ऋण, दुसऱ्याचा धन. भेटताच दोघं बिलगतात आणि अतिसूक्ष्म पुडकी होतात. पुडकं लहान असलं तर पेशी निमूट गिळते, गुठळी झाली तर ढुंकूनही बघत नाही. म्हणून त्या भेटीच्या वेळी जोरात ढवळावं लागतं. ते माझं काम. ताईंच्या वहीत लिहिलेलं होतं: 'व्होर्टेक्स चारवर, दहा सेकंद.' जनुकाला हिरव्या चमकीची खूण जोडलेली असे, म्हणून तो आत पोचला की पेशी हिरवी चमकायची. शोधनिबंध छापून आला. आभारात सूक्ष्मदर्शकाचंही नाव होतं. माझं नव्हतं.

मग आकडे उजळणारा नवा व्होर्टेक्स आला आणि मी कपाटात गेलो. त्या दिवसापासून एकही पेशी चमकेना. दोन महिने झाले.

"वहीत लिहिलंय तेच करताय ना?" प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी विचारलं.

"अक्षरशः तेच, सर. चारवर, दहा सेकंद."

"मग पूर्वी झालं होतं कशावरून? पंधरा दिवसांत दाखवा, नाहीतर निबंध मागे घ्यावा लागेल."

त्या आठवड्यात कपाट आवरताना प्रयोगशाळेतल्या मामांनी मला बाहेर काढलं.

"ताई, हा भंगारात घालू ना?"

"थांबा मामा. एक नळी फिरवून बघते."

दुसऱ्या दिवशी पेशी हिरव्यागार!

"मामा, ह्याच्यात काय जादू आहे हो?"

"जादू कसली! पहिल्याच वर्षी ह्याचं वेगाचं बटण निखळलं होतं. मी गोंदाने चिकटवलं. बटणावरची रेघ चारवर आली, नीटनेटकी दिसली."

"पण खरा वेग किती होता?"

"ते कुणी विचारलंच नाही."

ताई आधी हसल्या, मग खुर्चीत बसल्या. नव्या यंत्रावर त्यांनी पाच, सहा, सात असं सगळं करून पाहिलं. सातवर पेशी चमकल्या; म्हणजे माझा चार हा खरा सात होता. निबंध बचावला. सरांनी दुरुस्तीचं पत्र पाठवलं. त्यात चूक यंत्राची होती.

माझी गरज आता उरली नाही, तरी ताईंनी मला टेबलावरच ठेवलं आहे. मित्रांनो, जुनं यंत्र टाकण्याआधी एकदा चालवून बघा. आणि काही दुरुस्त केलंत तर लिहून ठेवा. परवा माझं बटण पुन्हा निखळलं. मामा गोंद घेऊन आले, थबकले आणि आधी पेन शोधू लागले.