कॉफीआधी दिलेला शब्द

अर्वाचं नाव निघालं की रुदैनाच्या पोटात दुखायचं. कालची आलेली शिक्षिका, पोरच ती! जॉर्डनमधल्या इर्बिद शहरातल्या मुलींच्या शाळेत रुदैनानं उभा जन्म गणित शिकवण्यात घातला, आणि मधल्या सुट्टीत मुलींचा घोळका जमायचा तो अर्वाभोवती. आता रुदैना नोकरी सोडून मुलाकडे अकाबाला निघाली होती. शाळा संपल्याच्या समारंभात बारावीच्या मुलींच्या पुढे चालण्याचा मान दर वर्षी तिचाच. यंदा शेवटचा. तो मिळाला की मग अर्वानं खुशाल राज्य करावं.

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी त्या मुली तिच्या घरी आल्या. तिनं वेलदोड्याची कॉफी दिली. मुलींनी कप समोर ठेवले आणि हात मांडीवर घेऊन बसल्या. मागणं घेऊन आलेला पाहुणा शब्द मिळाल्याशिवाय कॉफीला ओठ लावत नाही. रुदैनाच्या लग्नाची बोलणी करायला आलेले म्हातारेही असेच बसले होते. तिला हसू फुटलं. पोरी उद्या पुढे चालण्याचं रीतसर बोलावणं घेऊन आल्या होत्या तर!

"मिस, आमचं एक मागणं आहे," तमारा म्हणाली.

"प्या गं कॉफी. दिलं!"

"अहो, ऐकून तरी घ्या."

"त्यात काय ऐकायचंय? दिलं म्हणजे दिलं."

मुलींनी घाईघाईनं कप रिकामे केले.

"उद्या मिस अर्वा आमच्या पुढे चालू देत," तमारा म्हणाली. "तुम्ही आमच्या आयांबरोबर पहिल्या रांगेत बसा. तुम्ही आम्हाला आईसारख्याच ना!"

आईसारख्या! म्हातारी म्हणा की सरळ. रुदैनाची तळपायाची आग मस्तकात गेली. पण कॉफी पोटात गेली होती. आता शब्द फिरवला असता तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. "बरं," एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळी अर्वा धापा टाकत दारात उभी.

"मिस रुदैना, मी नाही चालणार. पोरींना काही कळत नाही. मान तुमचाच आहे."

रुदैनाला आनंद व्हायला हवा होता. उलट ती आणखीच जळली. मान गेलाच होता, आता मनाचा मोठेपणाही हीच घेऊन चालली होती.

"शब्द दिलाय मी. तूच चालायचं."

"पण तुम्हाला वाईट वाटलंय."

"वाटलंय. तुझा हेवा वाटतो मला, आल्या दिवसापासून वाटतो. झालं समाधान?"

अर्वा जायला वळली.

"थांब," रुदैना म्हणाली. "हळू चाल उद्या. तू भरभर चालतेस. पोरी गर्दीत आईला शोधत रेंगाळतात, मागे पडतात. आणि मागे वळून बघू नकोस. मी दर वर्षी बघायचे, मग डोळे भरून यायचे आणि मंचाची पायरी दिसायची नाही."

"आणि उद्या तुम्ही?"

"मी समोर बसणार ना. उद्या मला सगळ्या पोरींची तोंडं दिसतील," रुदैना म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.