उकंडरावांचा वानोळा

मळ्यातली ताजी भाजी, पहिली काकडी शेजारीपाजारी वाटायची, त्याला आमच्याकडे वानोळा म्हणतात. देणाऱ्याने तो आपल्या खुशीने द्यायचा असतो. उकंडराव सावकाराकडे मात्र आमचा वानोळा रोज जायचा, आणि त्यातली खुशी सगळी त्यांचीच असायची.

मी पंचफुला. मंगरूळपीरच्या वेशीबाहेरच्या माळ्याच्या घरात लग्न होऊन आले, तेव्हा विहीर खोल करायला काढलेलं कर्ज माझ्याआधीच घरात ठाण मांडून बसलं होतं. विहीर आणि मळा गहाण. येत्या पाडव्यापर्यंत फिटलं नाही, तर दोन्ही सावकाराचे. सासरे जगदेव दर महिन्याला नुसतं व्याज भरत, मुद्दल जागचं हलत नसे. वर रोज सकाळी सासूबाई, म्हणजे सोजरबाई, निवडून काढलेली वांगी टोपलीत भरून सावकाराच्या मागच्या दारी पोचवायच्या. किडकी आम्ही खायचो. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एकदा सासूबाईंना विचारलंच. "आत्याबाई, हे टोपली व्याजात धरतात काय?"

"नाई व माय. सावकार खुश राह्यला पायजे ना."

"दोन वर्सं खुश करून राह्यल्या तुमी. एक पैसा तरी कमी केला त्यायनं?"

सासरे घाबरले. "टोपली बंद केली तं तो मळा घेईन, सूनबाई."

"टोपली देऊनही पाडव्याले घेतेच ना, मामाजी?"

दुसऱ्या दिवशी टोपली मी उचलली, सावकाराच्या दारावरून ताठ मानेने पुढे नेली आणि बाजारात जाऊन बसले. ऊन चढायच्या आत वांगी संपली. पैसे घरी शिंक्यावरच्या मडक्यात टाकले आणि सगळ्यांना बजावलं, यात हात फक्त सावकाराचं तोंड बंद करायला घालायचा.

दोन-तीन दिवसांनी उकंडराव स्वतः मळ्यात आले.

"जगदेव, भाजी काहून येत नाई? सुनेनं शिकवलं वाटते. ध्यानात ठेव, पाडव्याले सारे पैसे नाई आले तं या विहिरीवर माही मोट चालन."

सासरे हात जोडायला पुढे झाले. ते पाहून मला राहवेना. "पाडव्यानंतरचं पाडव्यानंतर पाहू. आज मोट आमची हाय. जरा बाजूले व्हा, बैल येऊन राह्यले."

ते झाले बाजूला. धोतर सावरत झाले.

मग आम्ही इरेलाच पेटलो. माझ्या नवऱ्याने, इंद्रभानने, बिडी सोडली आणि आसपासचे सगळे बाजार धरले. घरात अंबाडीची भाजी आणि भाकर, सणाला तीच. सासरे आता व्याजाबरोबर थोडं मुद्दलही भरायला लागले, पावती हातात पडेपर्यंत सावकाराचा ओटा सोडत नसत. मुद्दल उतरलं तसं व्याजही उतरलं. तरी पाडवा आला तेव्हा थोडे कमीच पडत होते. मी रडकुंडीला आले. तेवढ्यात सासूबाई बाहेरून आल्या आणि मडक्यात रुपये ओतले. त्यांचे पाय उघडे होते, चांदीचे तोडे नव्हते.

"लग्नातले होते ना आत्याबाई!"

"होते. रोज सावकाराच्या दारीच चालत गेले ते. आता एकदाच जाऊ दे."

गहाणाचा कागद घरी आला. सासूबाईंनी तो चुलीत घातला आणि वर पुरण शिजायला ठेवलं.

पुढच्या बाजाराला आम्ही दोघी बसलो होतो. उकंडरावांचा गडी आला. "मालकानं वांगे बोलावले. पैसे मंग देतो म्हने."

मी काही बोलणार, तोच सासूबाईंनी तराजू खाली ठेवला.

"उधार पायजे तं व्याज लागन म्हना. अन् गहाण काय ठेवता, थेही इचारून ये."

गडी तोंड लपवत हसत गेला. सासूबाईंनी ढिगातली चांगली वांगी निवडली आणि शेजारी मिरच्या विकत बसलेल्या बेबीबाईच्या ओटीत टाकली.

"पैसे किती देऊ व सोजरबाई?" तिने विचारलं.

"पैसे कायचे? वानोळा हाय."