वाण म्हणून वाटलेली बरबटी

मी लाल बरबटीचं कार्ड बोलतोय. पोस्टकार्डाच्या निम्मा, पिवळसर, एका कोपऱ्याला हळद लागलेला. बरबटीला तुम्ही चवळी म्हणत असाल. नागपुरात ती बरबटीच.

इथल्या महाल भागातल्या देवळाच्या ओवरीत यमुताईंच्या भजनी मंडळानं बियांचं वाचनालय काढलं. एक लोखंडी कपाट, त्यात पुड्या. बी न्यायचं, लावायचं, पीक आलं की मूठभर परत आणायचं. पुडीसोबत माहितीचं कार्ड हवं, म्हणून यमुताईंची भाची चिन्मयी कॉम्प्युटरवर बसली.

तिनं माझ्या डोक्यावर ठसठशीत लिहिलं, 'वाण'. त्याखाली 'लाल बरबटी'. मग मृगात पेरा, बोटाच्या पेराएवढं खोल, वेल मांडवावर चढवा. आणि अगदी तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, 'बी परत आणावे'.

"ते खालचं मोठं कर वं," यमुताई म्हणाल्या.

"मावशी, डिझाईन बिघडते न!"

"अन् वाण काहून लिहिलं?"

"बियाच्या जातीले वाणच म्हणतात. शेतकीच्या पुस्तकात तसंच असते."

पुस्तकाचं नाव निघालं की बाया गप्प बसतात, हे मी जन्मतःच शिकलो.

हे बी यमुताईंच्या माहेरचं. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खात नाहीत, म्हणून त्यांची आई ही बरबटी परसात हातानं टोचायची. गेल्या पावसात वेल सडला, उरल्या पाच पुड्या. त्या रुजल्या तरच वंश टिकणार होता. यमुताईंनी पाच घरं ठरवून पुड्या कार्डांसकट ताटात काढून ठेवल्या.

नेमकं संक्रांतीचं हळदीकुंकू ओवरीतच होतं. यमुताई आत तिळाच्या वड्या कापत होत्या. बाहेर कुंकू लावणाऱ्या चारुलताबाईंना आमचं ताट दिसलं. वर 'वाण' लिहिलेलं! त्यांनी पाची पुड्या पहिल्या पाच जणींच्या हातात ठेवल्या. यमुताई बाहेर आल्या तेव्हा ताट रिकामं होतं; कार्ड वाचून लावतील, अशी त्यांनी समजूत घातली स्वतःची.

मी गोपिकाबाईंकडे गेलो. पाच महिने त्यांच्या स्वयंपाकघरात होतो. हळदीच्या गुठळ्या फोडायला माझी कड चालली. मला वाचलं मात्र कोणी नाही.

मृगाच्या तोंडावर यमुताई दारात आल्या.

"बी लावलं का वं?"

"कोणतं बी? ते वाण? उसळ केली न माय! आधी देवाले निवद दाखवला, मंगच खाल्ली."

"ते परत आणायचं होतं, गोपिका."

"इश्श! वाण का कोणी वापस मागते?"

देवाला पोचलं म्हटल्यावर यमुताईंना रागावताही येईना. बाकी तिघींनीही शिजवलंच होतं. पाचवी शहराबाहेर वाडीला राहायला गेली, तिची पुडी सामानात हरवली.

यमुताईंनी मला मागून घेतलं, पदरानं पुसलं, 'वाण' खोडून पेनानं 'उसनं बी' लिहिलं आणि रिकाम्या कप्प्यात ठेवलं. परवा ऋषिपंचमीला त्यांनी ताटात बरबटीची जागा मोकळीच सोडली. "कोणाच्या तरी कुंपणावर असनच," म्हणाल्या.

मला त्यांच्याएवढी आशा नाही. तरी तुमच्या परसात लाल दाण्याची बरबटी असेल, तर मूठभर घेऊन या. कधी पेरायचं, किती खोल, सगळं माझ्यावर लिहिलेलं आहे. बी तेवढं नाही.